दादाच्या यादीतली दुरुस्ती

माझा लॅपटॉप तसा बंद पडला नव्हता. माझ्या कामाला पुरेनासा झाला होता, एवढंच. घोडबंदर रोडवरच्या एका फर्मसाठी मी मॉड्युलर किचनची डिझाइन करते. नव्या टॉवरमधल्या फ्लॅटची मापं माझ्याकडे येतात. त्यात ओटा, कपाटं, चिमणी बसवून, खऱ्या फोटोसारखं दिसेल असं चित्र मी तयार करते आणि ते गिऱ्हाइकाला दाखवलं जातं. फर्मने ऑफिसची जागा कमी केली आणि आम्हा डिझायनरना घरूनच काम करायला सांगितलं. तेव्हापासून डोंबिवलीतल्या माझ्या घरातलं जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस झालं. एका चित्राला लॅपटॉप तीन-तीन तास घ्यायचा. मग गिऱ्हाईक म्हणायचं, कपाटांच्या शटरचा रंग जरा फिका करून दाखवा ना. की पुन्हा तीन तास.

सुटे पार्ट घेऊन चांगला डेस्कटॉप जोडून घ्यायचा, हे ठरलेलंच होतं. फार महाग नाही, पण पुढची पाच-सहा वर्षं रडवणार नाही असा. पूर्वी असं काही ठरलं की आमच्याकडे पुढचा प्रश्नच नसायचा. दादाला फोन करायचा.

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. कल्याणला त्याचा गाळा होता. वीसेक वर्षं तो तिथे कॉम्प्युटर जोडून विकायचा. क्लासवाले, डॉक्टर, सीए, मुलाला इंजिनिअरिंगला घातलेले आईबाप, असे सगळे त्याच्याकडे यायचे. तो कुणाला लगेच माल दाखवायचा नाही. समोर स्टुलावर बसवायचा आणि विचारायचा, दिवसभर तुम्ही यावर काय करणार ते सांगा. त्याचं समाधान होईपर्यंत तो विचारत राहायचा आणि मग यादी लिहून द्यायचा. काही लोक तीच यादी घेऊन दुसरीकडे स्वस्तात माल घ्यायचे. त्याचंही त्याला फारसं काही वाटायचं नाही.

या गोष्टीच्या दीड वर्ष आधी त्याला पॅरॅलिसिसचा अटॅक आला. उजवा पाय बराचसा सुधारला. उजवा हात नाही सुधारला. आणि शब्द गेले. म्हणजे तो मुका झाला असं नाही. त्याला सगळं कळतं, हे डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं, पण हवा तो शब्द सापडत नाही आणि कधी कधी त्याच्या जागी भलताच येतो. पाणी हवं असलं तर तो 'पंखा' म्हणतो. आपण चुकीचं बोललो हे त्याला त्याच क्षणी कळतं. त्याचा चेहरा तेव्हा बघवत नाही.

भेटायला येणारे नातेवाईक त्याच्याशी मोठ्याने बोलायचे, जणू त्याला ऐकू येत नाही. दोन वाक्यं झाली की ते वहिनीकडे वळायचे आणि त्याच्यासमोर त्याच्याबद्दलच विचारपूस करायचे. मला त्यांचा राग यायचा. पण मीही काही फार वेगळी नव्हते. तो शब्द शोधत थांबला की मला धीर धरवायचा नाही, मीच तो शब्द सांगून टाकायचे. बरेचदा तो चुकीचा असायचा आणि तरी तो मान हलवायचा.

कल्याणचा गाळा वहिनीने मालकाला परत दिला. त्या दिवसानंतर आमच्यापैकी कुणीही त्याच्यासमोर कॉम्प्युटरचं नाव काढलं नाही.

मी त्याला यादी करायला सांगितली ती का, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर मला कॉम्प्युटर हवा होता हे अर्धंच कारण. त्याला काहीतरी करायला द्यावं असं वाटलं, हे दुसरं. त्यात थोडा उपकाराचा भाव होता. तेव्हा मला तो दिसला नाही.

एका रविवारी मी कळव्याला त्याच्या घरी गेले. आधी स्वयंपाकघरात वहिनीच्या कानावर घातलं. वहिनी ठाण्याला एका वकिलाकडे टायपिंग करते. सकाळी त्याचं सगळं उरकून, जेवण झाकून ती निघते. ती माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. हातातलं पोळीचं लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, "अगं, ह्यांनी काही चुकीचं लिहिलं तर? तू वस्तू बदलून घेशील. ह्यांचं काय?"

मी म्हटलं, दादा चुकणार नाही.

पुढचे तीन रविवार दुपारी आम्ही दोघं त्याच्या पलंगावर लॅपटॉप मध्ये ठेवून बसायचो. पहिल्या दिवशी तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने लॅपटॉपकडे बोट केलं, माझ्याकडे केलं आणि एकच शब्द उच्चारला, "काम?" मला कळलं, तो मला स्टुलावर बसवत होता. मी त्याला माझी किचन दाखवली, एक चित्र करायला घेतलं. ते होईपर्यंत त्याने डावा तळवा लॅपटॉपच्या खाली सरकवून किती तापतोय ते बघितलं. मी कधीच बघितलं नव्हतं. दिवसाला किती चित्रं, एका वेळी काय काय उघडं असतं, असं तो खुणांनी आणि अर्ध्या शब्दांनी विचारत गेला. घरात लाईट जाते का, हेही त्याने विचारलं. म्हणजे बटणाकडे बोट दाखवून हात खाली-वर केला. मी म्हटलं, जाते ना, आमच्याकडे कधीही जाते. त्याने मान डोलावली.

स्पीच थेरपीच्या बाईंनी सराव करायला दिलेली एक वही होती. तिच्या मागच्या पानावर तो डाव्या हाताने लिहायचा. अक्षर मोठं, तिरकं. मनातून शब्द काढून लिहिणं त्याला जड जायचं, पण समोर दिसणारं बघून तो उतरवू शकायचा. म्हणून आम्ही दुकानांच्या साइट उघडून बसायचो. तो पान वर-खाली करत राहायचा, एखाद्या ठिकाणी थांबायचा आणि त्या वस्तूचा नंबर एकेक अक्षर करून वहीत उतरवायचा.

पहिली ओळ त्याने पॉवर सप्लायची लिहिली. मला वाटलं होतं प्रोसेसरपासून सुरुवात होईल. सगळ्या पार्टना वीज पुरवणारा हा डबा, त्यात एवढं निवडण्यासारखं काय असतं हे मला कळलं नाही. त्याने चांगला मोठा, वरच्या दर्जाचा निवडला. मग ग्राफिक्स कार्ड. माझी चित्रं खरी तिथेच तयार होणार होती, म्हणून प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन वाचलेला पैसा त्याने कार्डात घातला. रॅम भरपूर. कॅबिनेट मला काचेचं, आत रंगीत दिव्यांचं आवडलं होतं. त्याने तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "धूळ." शब्द बरोबर आला होता, पहिल्याच झटक्यात. मी हसले, मग तोही हसला. वहिनी दारात येऊन बघून गेली.

तिसऱ्या रविवारी यादी पूर्ण झाली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने पान फाडून मला दिलं. मी तिथेच त्याचा फोटो काढला आणि पान त्याला जपून ठेवायला परत दिलं. त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं.

सोमवारी मी नुसते भाव बघायला बसले आणि मला चूक सापडली.

त्याने निवडलेला मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात ती पाटी, दोन प्रकारांत मिळत होता. नंबर तोच, फक्त एकाच्या शेवटी दोन अक्षरांचं शेपूट. शेपूटवाला जुन्या पिढीची रॅम घेतो, बिनशेपटाचा नव्या पिढीची. दादाने शेपूटवाला बोर्ड लिहिला होता आणि रॅम लिहिली होती नवीन. दोन्ही रॅमच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसतच नाही.

साइटवर ते दोन्ही बोर्ड एकाखाली एक होते. उतरवताना नजर एक ओळ सरकली असेल. धडधाकट माणसाचीही सरकते. पण त्या वेळी हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला दिसली ती वहिनी, लाटणं बाजूला ठेवताना.

मी दादाला फोन करायला हवा होता. फोनवर त्याला बोलणं जास्त अवघड जातं, असं मी स्वतःला सांगितलं आणि ठाण्याच्या दुकानदाराला फोन लावला. दादा वर्षानुवर्षं त्याच्याकडून माल घ्यायचा. मी त्याला यादीचा फोटो पाठवला. तो आवाज खाली आणून म्हणाला, आता त्यांच्याकडून असं व्हायचंच, ताई. मग त्याने सांगितलं की रॅमचे भाव रोज चढताहेत, आज ठरवलंत तर आजच्या भावाने देतो. बोर्ड बदलायला मी हो म्हटलं. तिथेच थांबले असते तर ठीक होतं. पण एक ओळ चुकली म्हटल्यावर मला बाकीच्या ओळींवरही भरवसा वाटेना. एवढा मोठा पॉवर सप्लाय कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, साधा चालेल, उरलेल्या पैशात ग्राफिक्स कार्ड आणखी एक पायरी वरचं येईल. मी त्यालाही हो म्हटलं. तीन रविवार बसून केलेल्या यादीतल्या तीन ओळी मी पाच मिनिटांत बदलल्या.

माल मी कळव्यालाच मागवला. जोडणी दादासमोर व्हावी असं मला वाटत होतं. आणि खोक्यांवरचे बारीक नंबर तो कशाला वाचतोय, असंही.

पुढच्या रविवारी त्याने नवा शर्ट घातला होता. जेवणाच्या टेबलावर वहिनीने जुनी चादर अंथरून दिली. एकेक खोकं मी त्याच्यासमोर ठेवत होते. मदरबोर्डचं खोकं आलं तेव्हा त्याने ते डोळ्यांजवळ धरलं. मग खिशातून घडी घातलेलं पान काढलं, टेबलावर पसरलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर ताडून बघितलं. शेवटच्या दोन अक्षरांवर त्याचं बोट थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"तो स्टॉकमध्ये नव्हता," मी म्हटलं. "हा तसलाच आहे."

त्याने स्वतःच हात लांब करून पॉवर सप्लायचं खोकं ओढलं. ते उघडलं नाही. डाव्या हाताने नुसतं उचलून वजन बघितलं आणि खाली ठेवलं. मग ग्राफिक्स कार्डचं खोकं वाचलं. मग टेबलाला धरून उठला आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी वहिनीला सगळं सांगितलं. खोकी तिने एकावर एक रचून कपाटाशेजारी ठेवली. मी रिकाम्या हाताने डोंबिवलीला परत आले आणि लॅपटॉपवर तीन तासांचं चित्र लावून बसले.

त्या आठवड्यात वहिनीचा दोनदा फोन आला. दादा थेरपीच्या बाईंसमोर बसायला तयार नव्हता. वही उघडत नव्हता. जेवण झालं की पडून राहायचा. "तुझ्यावर चिडलेत असं वाटत नाही गं," वहिनी म्हणाली. "स्वतःचाच भरवसा गेल्यासारखे झालेत." मला ते ऐकून रडू आलं, कारण त्याने माझ्यावर चिडावं असंच मला वाटत होतं.

शनिवारी मी कामाला दांडी मारून गेले. वहिनी कामावर होती. तो खुर्चीत बसला होता, टीव्ही लावलेला पण आवाज बंद. मी त्याच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. स्टॉकमध्ये नव्हता हे खोटं होतं. बोर्ड आणि रॅम एकमेकांना लागत नव्हते, ती चूक तुझी होती. पॉवर सप्लाय आणि कार्ड मी बदललं, त्यात तुझी काही चूक नव्हती. मी घाबरले आणि बदललं.

त्याने खोक्यांकडे हात केला. मी बोर्ड काढला, रॅमची पट्टी काढली, फोनवर जुन्या पिढीच्या पट्टीचा फोटो मोठा करून दाखवला. त्याने पट्टी बोटात धरून खाचेवरून नख फिरवलं. दोन्ही बोर्डांची पानं मी लॅपटॉपवर एकाखाली एक उघडली. तो बराच वेळ बघत होता. या वेळी मी गप्प राहिले. मग त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "माझं. हे माझं." त्याच्या आवाजात शरम नव्हती. गाळ्यावर असतानाही तो चुकायचा आणि गिऱ्हाइकाला फोन करून सांगायचा, साहेब, माझ्याकडून चुकलं, उद्या या.

मग त्याने पॉवर सप्लायच्या खोक्यावर बोट आपटलं.

"हे?"

"हे माझं," मी म्हटलं.

"तुझं... तुझं घर." तो थांबला. हात खाली-वर केला, पहिल्या रविवारी केला होता तसा. "लाईट. जाते. मग..." पुढचा शब्द येईना. त्याने डोळे मिटले. मला शब्द माहीत होता, तो माझ्या तोंडाशी आला होता. मी दात आवळून धरले. "जळतं," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं, "चुकतो मी. सांग. पण विचार. मला विचार."

मी हो म्हटलं.

पॉवर सप्लायचं खोकं सीलबंद होतं. ते बदलून आणायचं ठरलं आणि तो म्हणाला तोही येणार. अटॅकनंतर डॉक्टर सोडून तो कुठे बाहेर पडला नव्हता. वहिनीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, त्यांची काठी घे. आम्ही रिक्षाने खाडीवरच्या पुलावरून ठाण्याला गेलो. पुलावर ट्रॅफिक तुंबलेला होता. तो पूर्ण वेळ खोकं मांडीवर धरून बसला होता.

दुकानदार काउंटरमागून बाहेर आला, दादाच्या पाठीवर हात ठेवला, बसायला खुर्ची दिली. आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, काय ताई, काय झालं? मी म्हटलं, दादा सांगेल.

दादाने खोकं काउंटरवर ठेवलं. तोंड उघडलं. काही आलं नाही. मग एक भलताच शब्द आला, तो त्याने मान झटकून परत घेतला. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. दुकानदाराची नजर दादावरून माझ्यावर, माझ्यावरून खोक्यावर फिरत होती. मी जमिनीकडे बघत होते. आपण याला इथे का आणलं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

"यादी," दादा शेवटी म्हणाला. खिशातून पान काढलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हा. हाच दे."

दुकानदाराने पान बघितलं. त्याला आपण फोनवर काय बोललो होतो ते आठवलं असावं, कारण त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. आतून मोठं खोकं आणलं. दादाने ते हातात घेऊन वजन बघितलं आणि मान हलवली. ग्राफिक्स कार्ड तसंच राहू दे, असं त्यानेच हाताने सांगितलं. वरचे पैसे मी भरले.

जोडणी दुसऱ्या दिवशी, रविवारी झाली. हात माझे, बोट त्याचं. तो दाखवेल तिथे मी स्क्रू लावायचे, तो म्हणेल तेवढाच दाब द्यायचे. प्रोसेसर ठेवताना त्याने माझं मनगट धरलं. सगळं बसवून बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळीच राहिली. वहिनी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभी होती. मी दादाकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं असेल?"

त्याने वीज बंद करायला लावली. कॅबिनेटमध्ये वाकून बघितलं आणि रॅमच्या पट्टीच्या एका टोकावर बोट ठेवलं. ती मी पूर्ण दाबली नव्हती, मोडेल या भीतीने. त्याने स्वतःच्या डाव्या अंगठ्याने ती दाबली. टक् असा आवाज आला. पुढच्या वेळी स्क्रीन उजळली.

हा कॉम्प्युटर आता वर्षभर माझ्याकडे चालतोय. चित्र दहा-बारा मिनिटांत होतं. गेल्या उन्हाळ्यात लाईट दिवसातून तीन-तीनदा गेली, त्याला काही झालं नाही.

मला वाटलं होतं यानंतर दादा पुन्हा थोडंफार काम करेल. तसं झालं नाही. त्यांच्या बिल्डिंगमधल्या एका कुटुंबाला मुलीसाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता, ते विचारायला आले. दादाने हात जोडून नाही म्हटलं. ते गेल्यावर मी त्याला का म्हणून विचारलं, तर बराच वेळ शोधून तो म्हणाला, "भीती." मी त्यावर त्याला काही समजावलं नाही. त्याची भीती खोटी नव्हती. थेरपीच्या बाईंनीही आता सांगितलंय की यापुढे फार मोठा फरक पडेल असं धरून चालू नका. वहिनीने ते शांतपणे ऐकलं आणि घरी आल्यावर दुपारभर कपाट आवरत बसली.

मी अजून दर रविवारी जाते. तो शब्द शोधत थांबला की मी थांबायचा प्रयत्न करते. दहातल्या सहा वेळा जमतं. उरलेल्या चार वेळा माझ्या तोंडून शब्द निसटतो आणि तो माझ्याकडे बघतो. पूर्वी तो अशा वेळी मान हलवून मोकळा व्हायचा. आता हलवत नाही. "नाही," म्हणतो, आणि स्वतःचा शब्द पुन्हा शोधायला लागतो.